सोलापुरात राहून गोल्फ क्लबला योग्य शाफ्ट कसा निवडायचा आणि बसवून घ्यायचा

शाफ्ट म्हणजे गोल्फ क्लबची दांडी. ती किती कडक आहे ते सांगायला तिच्यावर ‘आर’, ‘एस’ नाहीतर ‘एक्स’ असं एक अक्षर छापलेलं असतं आणि शाफ्ट घेताना बहुतेक जण तेवढंच बघतात. त्या अक्षराचं सगळ्या कंपन्यांना लागू होणारं कुठलंही प्रमाण नाही. एका कंपनीचा ‘आर’ दुसरीच्या ‘एस’इतका कडक निघतो, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक पडतो. त्यामुळे ‘मला एस लागतो’ हे वाक्य बूट घेताना ‘मला मध्यम द्या’ म्हटल्यासारखं आहे. शाफ्ट निवडायचा क्रम माझ्या मते असा: आधी वजन, मग लांबी, मग कडकपणा. अक्षर सगळ्यात शेवटी.

सोलापूरकरांची अडचण थोडी वेगळी आहे. माझ्या ओळखीतले इथले खेळाडू फिटिंगसाठी, म्हणजे क्लब स्वतःच्या मापाने जुळवून घ्यायला, पुण्याला जातात, क्वचित हैदराबादला. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या आसपास. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून गेलं आणि संध्याकाळी परत निघालं, तर मधे जो वेळ मिळतो त्यात फिटरसमोर तास-दीड तासच हाती लागतो. त्यातला निम्मा वेळ उंची मोजण्यात आणि ‘आत्ता कोणता शाफ्ट आहे?’ याचं उत्तर शोधण्यात गेला, तर जाऊन उपयोग काय? ही कामं घरी, दोन-तीन निवांत संध्याकाळी होतात. तुमचा कागद तयार असेल तर पुण्यातला तास पूर्ण तुमच्या स्विंगवर खर्च होतो.

पहिलं काम: हातातला क्लब मोजा

नवा शाफ्ट चांगला की वाईट हे जुन्याच्या तुलनेत ठरतं. म्हणून सुरुवात जुन्यापासून. एक वही घ्या. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब), सात नंबरचं आयर्न (मधल्या अंतराचा, धातूच्या पातळ हेडचा) आणि जो क्लब तुम्हाला मनापासून आवडतो तो, असे तीन क्लब मोजले तरी पुरे. आवडता क्लब विसरू नका. हात ज्याच्यावर विश्वास ठेवतो त्या क्लबचं वजन आणि तोल हीच पुढची सगळ्यात भरवशाची खूण असते.

लांबी मोजताना क्लब मारायला उभे राहतो तसा जमिनीवर टेकवा. लोखंडी पट्टी शाफ्टच्या मागून, हेडच्या टाचेकडे (शाफ्ट जोडलेल्या बाजूला) जमिनीला टेकवून, शाफ्टला समांतर धरा आणि ग्रिपच्या टोपीच्या कडेपर्यंतचं माप घ्या. नियमाप्रमाणे मोजताना क्लबचा तळ ६० अंशांच्या उतारावर टेकवतात. घरी तेवढा नेमकेपणा नको, पण सगळे क्लब एकाच पद्धतीने मोजले पाहिजेत. बाजारातले ड्रायव्हर साधारण ४५ ते ४५.७५ इंच भरतात, स्टील शाफ्टचं सात नंबरचं आयर्न ३७ इंचांच्या आसपास, आणि एका नंबरामागे अर्ध्या इंचाचा फरक असतो. पटर सोडून कुठलाही क्लब ४८ इंचांपेक्षा लांब चालत नाही. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांना २०२२ पासून ४६ इंचांची मर्यादा लावायची मुभा आहे.

वजनासाठी स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा चालतो. क्लब आडवा ठेवून मधोमध तोलून धरला की आकडा स्थिर येतो.

आता तोलबिंदू. क्लब एका बोटावर किंवा पट्टीच्या धारेवर आडवा तोलून धरा आणि ग्रिपच्या टोकापासून त्या जागेपर्यंतचं अंतर इंचांत लिहा. यातून स्विंगवेट घरीच काढता येतं. अंतरातून १४ वजा करा, आलेल्या आकड्याला ग्रॅममधल्या वजनाने गुणा, मग २८.३५ ने भागा. समजा ड्रायव्हर ३२० ग्रॅमचा आहे आणि तोलबिंदू ३३ इंचांवर आहे. ३३ वजा १४ म्हणजे १९, गुणिले ३२० म्हणजे ६०८०, भागिले २८.३५ म्हणजे साधारण २१४.५. स्विंगवेटच्या मापात ‘डी-शून्य’ म्हणजे २१३.५ च्या जवळपास, आणि पुढचा एकेक अंक सुमारे १.७५ ने वाढतो. म्हणजे हा ड्रायव्हर डी-शून्य आणि डी-एकच्या मधला. पुरुषांचे तयार क्लब बहुधा डी-शून्य ते डी-दोनच्या दरम्यान असतात, स्त्रियांचे ‘सी’च्या वरच्या अंकांत. स्विंगवेट म्हणजे क्लबचं एकूण वजन नव्हे. हातात फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं ते माप आहे.

शेवटी शाफ्टवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवा: कंपनी, मालिका, वजनाचा आकडा, अक्षर. ग्रिपखाली दडलेला मजकूर राहू दे, त्यासाठी ग्रिप फाडायची गरज नाही.

दुसरं काम: स्वतःचं माप

रोज खेळता ते बूट घाला, सपाट फरशीवर ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाच्या पहिल्या वळीपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. स्वतः वाकून मोजलं की एक इंच सहज चुकतो. उंची आणि हे मनगटाचं माप या दोन्हींवरून लांबीचा आणि लायचा (क्लब टेकवल्यावर शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) पहिला अंदाज येतो. पिंग कंपनीचा रंगांच्या ठिपक्यांचा तक्ता याच दोन मापांवर चालतो.

उंच माणसाला लांबच क्लब लागतो असं नाही. उंच आणि लांब हातांचा माणूस व बुटका आणि आखूड हातांचा माणूस यांचं मनगटाचं माप जवळपास सारखं निघू शकतं. मग दोघांनाही नेहमीच्याच लांबीचा क्लब बसतो.

तळहाताचं माप ग्रिपसाठी लागतं. ग्रिप धरल्यावर डाव्या हाताची (डावखुऱ्यांनी उजव्या) मधली दोन बोटं अंगठ्याच्या मांसल भागाला जेमतेम टेकली पाहिजेत. बोटं आत रुतत असतील तर ग्रिप बारीक, पोचतच नसतील तर जाड.

तिसरं काम: स्विंगचा वेग आणि लय

वेग मोजायचं यंत्र नसेल तर बॉल हवेत किती लांब जातो यावरून अंदाज काढता येतो. इथे उतारावरून घरंगळलेलं अंतर धरू नका, फक्त हवेतलं धरा. बॉल मधोमध लागत असेल तर ड्रायव्हरचं हवेतलं अंतर यार्डांत आणि वेग ताशी मैलांत यांचं गुणोत्तर २.३ च्या आसपास येतं. हवेत २०० यार्ड जात असेल तर वेग ताशी ८७ मैल, म्हणजे १४० किलोमीटर.

मोकळं मैदान नसेल आणि गच्चीवर जाळी लावून सराव करत असाल, तर जाळीच्या मागे जाड सोलापुरी चादर सैल सोडा. बॉल तिच्यात मुरतो, भिंतीवरून उसळून अंगावर येत नाही. ताणून बांधलेली चादर मात्र उलटा फटका देते. तिथे अंतर कळणार नाही, पण बॉल फेसवर, म्हणजे हेडच्या मारायच्या पृष्ठभागावर, कुठे लागतो ते कळेल, आणि माझ्या मते ती माहिती अंतराइतकीच मोलाची आहे. पांढऱ्या बोर्डावर लिहायच्या मार्करने बॉलवर एक जाड उभी रेघ काढा, रेघ फेसकडे येईल असा बॉल ठेवा आणि सात नंबरने मारा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. ठसा मधे आहे की हेडच्या टोकाकडे (टाचेच्या विरुद्ध बाजूला), हे एक. दुसरं, ठशाचं वरचं टोक क्लबच्या टोकाकडे झुकलं असेल तर लाय जास्त उभी आहे, टाचेकडे झुकलं असेल तर जास्त सपाट. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल उभ्या लायमुळे डावीकडे जातो, सपाट लायमुळे उजवीकडे. प्रत्येक फटक्यानंतर फेस पुसा, नाहीतर ठसे एकमेकांत मिसळतात.

आणि लय. मोबाइल तिवईवर लावून समोरून संथगतीत चित्रण करा. क्लब वर गेल्यावर खाली यायला सुरुवात होते त्या क्षणी हात झटका देतात की सावकाश वळतात, ते बघा. सारख्याच वेगाच्या दोन माणसांपैकी झटका देणाऱ्याला जास्त वजनाचा, थोडा कडक शाफ्ट सहसा बरा पडतो, संथ लयीवाल्याला मऊ. अक्षरांच्या तक्त्यात ही गोष्ट कुठेच येत नाही.

वजन: इथे घाई करू नका

हिकरीच्या लाकडी शाफ्टच्या काळात प्रत्येक काठी वेगळी असायची, म्हणून खेळाडू हातात तोलूनच निवडायचे. १९२९ मध्ये आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने स्टीलला मान्यता दिली आणि एकसारखे शाफ्ट मिळू लागले. १९७० च्या सुमारास ग्रॅफाइट आलं आणि वजन खऱ्या अर्थाने निवडायची सोय झाली. आज ड्रायव्हरचे ग्रॅफाइट शाफ्ट साधारण ४० पासून ७५ ग्रॅमपर्यंत मिळतात. आयर्नसाठी ट्रू टेंपरचा डायनॅमिक गोल्ड हा जुना, जड स्टीलचा शाफ्ट १३० ग्रॅमच्या घरात आहे, तर निप्पॉनचा एनएस प्रो ९५० हा ९५ ग्रॅमच्या आसपासचा हलका स्टीलचा. दोन्ही स्टीलच, पण ३०-३५ ग्रॅमचा फरक. ‘मी स्टील वापरतो’ एवढं सांगून म्हणूनच काही कळत नाही.

वजन चुकल्याची लक्षणं कडकपणाच्या लक्षणांपेक्षा ठळक असतात. शाफ्ट फार हलका असेल तर हेड कुठे आहे ते स्विंगमध्ये जाणवत नाही, हात पुढे पळतात, एक फटका टाचेवर तर पुढचा टोकावर बसतो. फार जड असेल तर पहिले काही होल छान जातात, मग खांदे थकतात, हेड उशिरा येतं आणि बॉल उजवीकडे सुटायला लागतात. खेळाच्या शेवटी शेवटी बॉल कुठे जातात याची नोंद ठेवा. सकाळच्या पहिल्या दहा बॉलांवर वजन ठरवू नये.

घरी करून बघण्यासारखी एक सोपी गोष्ट आहे. शाफ्टभोवती ग्रिपच्या खालपासून मधापर्यंत शिशाची चिकटपट्टी सारख्या अंतरावर लावून १०-१५ ग्रॅम वाढवा आणि मारून बघा. फटके एकत्र येऊ लागले तर तुम्हाला जास्त वजन हवंय. वजन कमी करून बघायचं असेल तर मात्र दुसऱ्याचा हलका क्लब मागून आणावा लागतो. हा प्रयोग सरावासाठीच, स्पर्धेत असा क्लब नेऊ नका.

एक नियम मी पक्का धरतो: बॅगेतल्या शाफ्टांचं वजन ड्रायव्हरपासून वेजपर्यंत (जवळच्या फटक्यांचा क्लब) हळूहळू वाढत गेलं पाहिजे. ड्रायव्हरला ५५ ग्रॅम, फेअरवे वुडला ६०-६५, हायब्रिडला ७५-८०, आयर्नला ९५, अशी चढण हाताला सोपी जाते. मधेच एखादा उलटा आकडा असेल तर बहुतेक वेळा ‘तो क्लब मला लागत नाही’ असं तुम्ही ज्याबद्दल म्हणता तोच तो क्लब असतो.

कोपर किंवा मनगट दुखत असेल तर आयर्नलाही ग्रॅफाइट घ्या. हे म्हाताऱ्यांचं लक्षण आहे असं समजून लोक टाळतात. ग्रॅफाइटमध्ये हादरा कमी येतो, आणि आता आयर्नसाठी चांगले जड ग्रॅफाइट शाफ्टही मिळतात.

लांबी

तयार ड्रायव्हर इतके लांब असण्यामागचं कारण उघड आहे: लांब क्लबचा वेग जास्त दिसतो आणि जाहिरातीत अंतर विकलं जातं. पण बॉल मधोमध लागला नाही तर वाढलेला वेग वाया जातो. २०१७ मध्ये रिकी फाउलर हा अमेरिकी व्यावसायिक खेळाडू ४३.५ इंचांचा ड्रायव्हर वापरत होता. ज्याला दिवसभर सरावाला वेळ आहे तो जर आखूड क्लब निवडतो, तर महिन्यातून एक-दोनदा पुण्याला जाऊन खेळणाऱ्याने ४५.७५ इंचांचा हट्ट का धरावा? ग्रिप एक इंच खाली धरून वीस-पंचवीस बॉल मारा आणि फेसवरचे ठसे बघा. ठसे मधे गोळा होत असतील तर उत्तर मिळालं.

मात्र कापताना लक्षात ठेवा, अर्धा इंच कमी झाला की स्विंगवेट सुमारे तीन अंकांनी उतरतं. हेडमध्ये दोन ग्रॅम वाढवले की एक अंक परत मिळतो. म्हणजे अर्ध्या इंचामागे सहा ग्रॅम. फिटरने फक्त करवत चालवली आणि हेडच्या वजनाचा विषयच काढला नाही, तर तुम्ही तो काढा. लांबी वाढवली की याच्या उलट होतं, शिवाय अर्ध्या इंचामागे लाय साधारण एक अंश उभी झाल्यासारखी वागते.

मुलांच्या बाबतीत एक कळकळीची विनंती आहे. बाबांचा जुना स्टीलचा क्लब अर्धा कापून दहा वर्षांच्या मुलीच्या हातात देऊ नका. कापल्याने शाफ्ट अजून कडक होतो आणि हेड मोठ्या माणसाचंच राहतं. ते उचलण्यासाठी मूल सगळं अंग वाकवून स्विंग करतं आणि ती सवय पुढे सुटत नाही. मुलांच्या मापाचे हलके क्लब दोन-तीनच घ्या, पण तेच घ्या.

आता कडकपणा

ड्रायव्हरचा वेग ताशी ७५ मैलांच्या खाली असेल तर ‘एल’ किंवा ‘ए’, ७५ ते ८५ ला ‘ए’, ८५ ते ९५ ला ‘आर’, ९५ ते १०५ ला ‘एस’, त्यावर ‘एक्स’, म्हणजे मऊपासून कडकपर्यंत, असा एक ढोबळ तक्ता सगळीकडे फिरतो. सुरुवात कुठून करायची एवढंच तो सांगतो. खरं माप हवं असेल तर फिटरकडे शाफ्टचा कंप मोजायचं यंत्र असतं. ग्रिपकडचं टोक पक्कं धरून शाफ्ट हलवतात आणि तो मिनिटाला किती वेळा हलतो ते मोजतात. आकडा जितका मोठा तितका शाफ्ट कडक, आणि ढोबळपणे दहा कंपांचा फरक म्हणजे एक अक्षर. तुमच्या आवडत्या क्लबचा हा आकडा मागून घ्या. कंपन्या बदलतील, अक्षरं बदलतील, पण तो आकडा पुढच्या खरेदीतही कामाला येईल.

मऊ शाफ्टने बॉल उंच आणि डावीकडे, कडक शाफ्टने खाली आणि उजवीकडे जातो असं सांगतात. दिशा बरोबर आहे, पण परिणाम थोडाच असतो. बॉल मोठा वळसा घेऊन उजवीकडच्या झाडीत जात असेल तर फेस उघडा येतोय. तिथे आधी प्रशिक्षक, नंतर शाफ्ट. स्विंग अजून बसलेला नसेल तर महागडा शाफ्ट घेऊच नका. लांबी, लाय आणि ग्रिप एवढं बरोबर करून घ्या आणि वर्षभर खेळा.

टॉर्क म्हणजे शाफ्टचा पीळ, अंशांत लिहितात, आणि हलक्या ग्रॅफाइटमध्ये तो जास्त असतो. वाकण्याची जागा खाली असेल तर बॉल थोडा उंच उडतो, वर असेल तर थोडा खाली राहतो. या दोन्ही गोष्टी वजन आणि लांबी ठरल्यावर बघायच्या.

फिटिंगच्या दिवशी

स्वतःचे क्लब, नेहमीचे बूट, हातमोजा आणि ती वही, एवढं न्या. गाडीने जाणार असाल तर उतरल्याबरोबर मारायला उभे राहू नका. चार तास बसून आखडलेल्या कमरेचा स्विंग तुमचा नसतो.

पहिले दहा-बारा बॉल स्वतःच्या क्लबने मारा, आणि जो बॉल तुम्ही कोर्सवर वापरता त्याच प्रकारचा मागा. सरावाचे झिजलेले बॉल आकडे बिघडवतात. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा. हेड तेच ठेवून शाफ्ट बदला. हेडही नवं, शाफ्टही नवा आणि लॉफ्टही (फेसचा तिरपेपणा) वेगळा असेल, तर वाढलेले दहा यार्ड कुणामुळे आले हे फिटरलाही सांगता येणार नाही.

पडद्यावर भरपूर आकडे येतात. मी चारच बघतो: हवेतलं अंतर, बॉल सुटतानाचा कोन, फिरकी आणि डावी-उजवी पसरट. ताशी ९०-९५ मैलांच्या ड्रायव्हरला १३ ते १५ अंशांचा कोन आणि मिनिटाला २४०० ते २८०० फेऱ्यांची फिरकी हे चांगलं लक्ष्य आहे. सात नंबरच्या आयर्नला बॉल उतरतानाचा कोन ४५ अंशांच्या जवळ असला तर तो ग्रीनवर थांबतो. बॉलचा वेग भागिले क्लबचा वेग हा आकडा ड्रायव्हरला १.४५ च्या वर असेल तर फटका नीट बसतोय.

सगळ्यात लांब गेलेला एकच बॉल दाखवून शाफ्ट विकायची पद्धत आहे. माझ्यासमोर एका दुकानात एका गृहस्थांना असाच ‘पंधरा यार्ड वाढले’ म्हणून शाफ्ट दिला गेला, बाकीचे नऊ बॉल पडदाभर विखुरलेले होते. त्यांनी विचारलंच नाही. तुम्ही विचारा. दहापैकी सगळ्यात वाईट तीन बॉल कुठे गेले, ते मागा. जो शाफ्ट वाईट फटके सावरून घेतो तोच घ्या, दोन-चार यार्ड कमी पडले तरी चालतील. आणि निवडलेला शाफ्ट शेवटी पुन्हा एकदा, दमल्यावर, मारून बघा. पाच बॉल पुरे.

निघण्यापूर्वी एका कागदावर लेखी घ्या: शाफ्टचं पूर्ण नाव, वजन, कच्ची लांबी, टोकाकडून किती कापायचं, तयार लांबी, स्विंगवेट, ग्रिपचं माप आणि एकूण खर्च. हा कागद न देणाऱ्या ठिकाणी काम देऊ नये.

बसवणं

शाफ्ट पुण्यातच बसवून घेणं सोपं. पण परत यायला जमत नसेल, किंवा तुमचा हात या कामात बसलेला असेल, तर इथेही होतं. सोलापुरात यंत्रमागांमुळे लेथवाल्यांना आणि व्हर्नियर हातात घेणाऱ्यांना तोटा नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एखाद्या कारखान्यात गेलात तर माप चुकणार नाही, फक्त काम नीट सांगावं लागतं. “मालक, मागून चार सूत काढायचं, टोकाला हात लावायचा नाही,” असं म्हटलं की पुरतं. आठ सूत म्हणजे एक इंच हे तिथे कुणाला समजावावं लागत नाही.

विकत घेण्याआधी होझेलचं, म्हणजे हेडच्या ज्या नळीत शाफ्ट बसतो तिचं, भोक मोजा. ड्रायव्हरच्या शाफ्टचं हेडकडचं टोक बहुधा ०.३३५ इंचांचं, म्हणजे ८.५ मिलिमीटर. आयर्नचं ०.३५५ किंवा ०.३७० इंच, म्हणजे ९.०२ किंवा ९.४ मिलिमीटर. यातलं ०.३५५ टोकाकडे निमुळतं असतं. असे शाफ्ट प्रत्येक नंबरासाठी वेगळ्या लांबीत मिळतात आणि टोकाकडून कापायचे नसतात. ०.३७० सरळ असतं, ते कंपनीच्या तक्त्याप्रमाणे नंबरागणिक टोकाकडून कापतात. टोकाकडून कापलं की शाफ्ट कडक होतो, ग्रिपकडून कापलं की मुख्यतः लांबी कमी होते. हा फरक चुकला तर शाफ्ट वाया गेला म्हणून समजा.

ड्रायव्हरच्या हेडला स्क्रूने निघणारा अडॅप्टर असेल तर काम सोपं आहे, पण अडॅप्टर त्याच कंपनीचा लागतो. एका कंपनीचा दुसरीच्या हेडला बसत नाही. स्क्रू कंपनीच्याच पान्याने, टक असा आवाज येईपर्यंत आवळा.

चिकटवलेलं हेड काढताना हीट गनची गरम हवा होझेलवर फिरवत ठेवा. स्टीलचा शाफ्ट पिळून निघतो. ग्रॅफाइट पिळला तर तंतू तुटतात. त्याला सरळ रेषेत ओढणारं साधन लागतं. ते नसेल तर ग्रॅफाइटला हात लावू नका, पुण्याला द्या. गॅसची ज्योत तर कुठल्याच हेडवर नको.

ग्रॅफाइट कापताना कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळा, बारीक दातांचं पातं वापरा, तोंडाला मास्क लावा. पाइप कापायचं चक्र स्टीलला चालतं, ग्रॅफाइटला चिरडतं. टोकाचा जेवढा भाग होझेलमध्ये जाणार तेवढ्याच भागावरचा रंग बारीक पॉलिश पेपरने काढा, तंतू दिसायला लागले की थांबा. होझेल आतून घासून स्पिरिटने पुसा.

चिकटवण्याआधी कोरडी जुळणी करा. फेरूल (होझेलच्या तोंडाशी शाफ्टवर बसणारं कडं), शाफ्ट, हेड आणि ग्रिप कागदी टेपने तात्पुरते जोडा, वर सांगितल्याप्रमाणे तोलबिंदू काढा आणि स्विंगवेट कागदाशी जुळतं का बघा. कमी पडलं तर शाफ्टच्या टोकात बसणारं पितळी वजन आत्ताच घाला. पाच ग्रॅम जड ग्रिप घेतली तर स्विंगवेट सुमारे एका अंकाने उतरतं, हेही हिशोबात धरा.

चिकटवायला दोन भागांचं, २४ तासांत घट्ट होणारं इपॉक्सी वापरा. पाच मिनिटांत सुकणारं नको, ते फटक्याच्या धक्क्यांना ठिसूळ पडतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि त्या उष्णतेत कालवलेलं इपॉक्सी लवकर घट्ट व्हायला लागतं. म्हणून हे काम पहाटे करा आणि एका वेळी दोन-तीन क्लबांपुरतंच कालवा. होझेलच्या आत आणि शाफ्टच्या टोकाला, दोन्हीकडे लावा, शाफ्ट फिरवत आत घाला, तळाला टेकला याची खात्री करा, बाहेर आलेलं लगेच पुसा. शाफ्टवरचं नाव कुठल्या बाजूला ठेवायचं ते आताच ठरवा. मग क्लब उभा ठेवून पूर्ण एक दिवस हात लावू नका.

ग्रिपसाठी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी शाफ्टवर, टोकाला थोडी आत दुमडून. ग्रिपच्या भोकावर बोट ठेवून आत टर्पेंटाइन ओता, हलवा, ते पट्टीवर ओता आणि एका दमात ग्रिप सरकवा. दोन मिनिटांत सरळ करून घ्या, नंतर ती हलत नाही. ग्रिपचा आतला व्यास शाफ्टच्या मागच्या टोकाशी जुळवून घ्या, तो बहुधा ०.५८० किंवा ०.६०० इंच असतो.

त्यानंतर

पहिले पन्नासेक बॉल अर्ध्या ताकदीने मारा. फेरूल आणि हेड यांच्यात फट दिसली, किंवा हेड हातात धरून शाफ्ट पिळल्यावर किंचित टकटक जाणवली, तर त्या क्लबने खेळणं तिथेच थांबवा. सुटलेलं हेड जवळ उभ्या माणसाच्या डोक्यात बसू शकतं.

उन्हाळ्यात बॅग गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवू नका. बंद गाडी इतकी तापते की इपॉक्सीची पकड सैल पडू शकते आणि ग्रिप कडक, चकचकीत होतात. बॅग घरात, भिंतीला टेकवून ठेवा, आणि महिन्यातून एकदा ग्रिप साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन टॉवेलने कोरड्या करा.

फिटरने दिलेला कागद आणि तुमची वही एकत्र ठेवा. नवा शाफ्ट बसल्यावर तोच क्लब पुन्हा मोजून आकडे शेजारच्या रकान्यात लिहा. मागितलेली लांबी आणि मिळालेली लांबी यात दोन सुतांपेक्षा जास्त, किंवा स्विंगवेटमध्ये दोन अंकांपेक्षा जास्त फरक निघाला, तर ग्रिप मळायच्या आत फोन करून क्लब परत पाठवा.